चार दिवस कागदावर

परवा एका गिऱ्हाईकाने माझे कोटेशन वाचून फोन केला. "सर, यूट्यूबवर तर हे इन्स्टॉलेशन पाऊण तासात होतंय. तुम्ही नुसत्या प्लॅनिंगचे चार दिवस लावलेत?"

माणूस भला आहे. चाकणजवळ छोटा कारखाना, तीन सर्व्हर नवे घेतलेत, ते अजून खोक्यात आहेत. त्याचा प्रश्नही चुकीचा नाही. पाऊण तासात होते हे खरेच आहे. मला फोनवर धड उत्तर देता आले नाही, काहीतरी 'बेस्ट प्रॅक्टिस' वगैरे पुटपुटलो आणि फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला. म्हणून हे लिहितोय. शिवाय आमचे मामा दर लग्नात पंगतीला शेजारी बसून "तू नक्की करतोस काय रे?" असे विचारतात, त्यांचीही सोय होईल. (मामा, कंटाळा आला तर टीव्हीचा किस्सा तेवढा वाचा. तो खाली आहे.)

आधी हे कन्सोल म्हणजे काय ते सांगतो. मोठ्या सोसायटीत प्रत्येक इमारतीला पाण्याचा पंप, लिफ्ट, मीटरची खोली असते. सगळ्यांच्या चाव्या एका ऑफिसात, एका बोर्डावर टांगलेल्या असतात. सर्व्हर चार असोत की चाळीस, त्यांच्या 'चाव्या' एका जागी ठेवणारे जे सॉफ्टवेअर, ते मॅनेजमेंट कन्सोल. व्हीएमवेअरचे व्ही-सेंटर हे त्यातले एक, आणि माझे निम्मे आयुष्य त्याच्यासमोर गेले आहे.

हे बसवताना सुरुवातीलाच एक पडदा येतो. नाव, आयपी पत्ता, सबनेट मास्क, गेटवे, डीएनएस. पाच-सहा चौकोन. भरायला दोन मिनिटे लागतात. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या दोन मिनिटांसाठी चार दिवस लागतात, लागले पाहिजेत, आणि त्यांचे पैसेही मिळाले पाहिजेत. शेवटचे वाक्य स्वार्थी वाटेल. वाटू दे.

आता माझीच फजिती.

२०१८ साली एका जिल्ह्याच्या गावातल्या हॉस्पिटलसाठी मी व्ही-सेंटर ६.५ बसवले. शनिवारी गेलो, सोमवारी ओपीडी सुरू व्हायच्या आत सगळे चालू हवे होते. त्यांचा नेटवर्क बघणारा मुलगा रजेवर. डीएनएस सर्व्हर अजून उभा नव्हता. नावाच्या चौकोनापाशी मी अडलो. तिथे पूर्ण नाव अपेक्षित असते, पण डीएनएस नसेल तर स्थिर आयपी पत्ता टाकला तरी चालतो. मी त्या सवलतीचा लाभ घेतला आणि नावाच्या जागी १९२.१६८.१.१० असे लिहून मोकळा झालो. दोन्ही सर्व्हर ११ आणि १२ नंबरला. १९२.१६८.१ च का? कारण फायरवॉलच्या खोक्यातून निघाले तेव्हा ते तसेच होते! 'नंतर बघू' असे स्वतःशी म्हटल्याचे मला स्वच्छ आठवते. वडापाव खाऊन रात्रीच्या गाडीने पुण्याला परत आलो, आणि काम लवकर उरकल्याबद्दल कौतुकही झाले.

मग आला २०२० चा एप्रिल. लॉकडाऊन. सगळे घरी. रात्री अकराला हॉस्पिटलच्या लॅबमधून फोन आला, रिपोर्टचा सर्व्हर थिजलाय. स्टोरेज काठोकाठ भरले होते आणि जागा नाही म्हणून ते मशीन 'पुढे काय करू?' असे विचारत थांबून राहिले होते. काम तसे पाच मिनिटांचे. कन्सोलमध्ये जायचे, स्टोरेजवर पडलेल्या जुन्या आयएसओ फाइली उडवायच्या, 'पुन्हा प्रयत्न कर' म्हणायचे. मी व्हीपीएन जोडले. जोडले गेले. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला. काहीच नाही. गोल गोल फिरतेय. ११ नंबर, नाही. १२ नंबर, नाही.

दहा मिनिटांनी डोक्यात उजेड पडला. माझ्या घरचा राउटरसुद्धा १९२.१६८.१ वाला! आपला संगणक कुठलाही पत्ता बघून आधी एकच गोष्ट ठरवतो, हा माझ्या गल्लीतला की बाहेरचा? बाहेरचा असेल तर गेटवेकडे किंवा व्हीपीएनकडे सोपवतो. गल्लीतला असेल तर गल्लीतच हाका मारत सुटतो, "दहा नंबरवाले कोण आहेत हो?" हॉस्पिटलचा दहा नंबर दीडशे किलोमीटरवर होता, पण लिहायला दोघांचा पत्ता सारखाच. माझा लॅपटॉप इमानदारीत माझ्याच घरात शोधत बसला होता. आणि घरात दहा नंबर होता आमचा टीव्ही. म्हणजे जिल्ह्याच्या हॉस्पिटलचा कारभार बघायला निघालेलो मी आमच्या टीव्हीचे दार ठोठावत होतो :-)

आज हसू येते. तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि पलीकडून लॅबमधली टेक्निशियन हाताने लिहिलेले रिपोर्ट दुसऱ्या फोनवरून वॉर्डला वाचून दाखवत होती. "पोटॅशियम तीन पॉइंट पाच. नाही नाही सिस्टर, पाच पॉइंट तीन नाही. तीन. पॉइंट. पाच." हे मी ऐकत होतो. तो आकडा उलटा ऐकला गेला असता तर काय, हे मला कळण्याइतपत कळते. आणि ती बाई हे सगळे करत होती कारण दोन वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी मला गाडी पकडायची होती.

शेवटी घरच्या राउटरची रेंज बदलून १९२.१६८.७७ केली. घरातले सगळे इंटरनेट धाडकन गेले, आतून "अहो, ऐन वेळी काय केलंत!" असा आवाज आला, पण दोन-तीन मिनिटांत मी कन्सोलमध्ये होतो. पहिल्या फोनपासून मोजले तर एकूण पाऊण तास गेला. म्हणजे यूट्यूबवर एक अख्खे इन्स्टॉलेशन होते तेवढाच.

दुसऱ्या दिवशी माझ्या सहकाऱ्याला हेच करायला सांगितले. तो साताऱ्याला आईवडिलांकडे अडकलेला. त्याच्या राउटरचा पासवर्ड केबलवाल्याकडे होता आणि केबलवाला फोन उचलत नव्हता. असो.

मग सरळ हॉस्पिटलचीच रेंज बदलून टाकायची की! तर तिथे खरा घोळ समजला. नावाच्या जागी पत्ता लिहिला की तो पत्ता हीच त्या कन्सोलची ओळख होते. त्याच ओळखीवर प्रमाणपत्रे निघतात, आतल्या सगळ्या सेवा एकमेकींना त्याच नावाने ओळखतात. त्यामुळे पत्ता बदलायची सोयच राहत नाही. नाव दिलेले असते तर त्याच्यामागचा पत्ता बदलता आला असता. पण नावही कायमचेच. ते बदलायची मुभा ६.७ च्या तिसऱ्या अपडेटपासून, म्हणजे २०१९ मध्ये आली, आणि आमचे होते ६.५. नव्याने कन्सोल बसवून दोन्ही सर्व्हर जुन्यातून काढून त्यात जोडावे लागले. हॉस्पिटलची कामे चालू राहिली, कारण कन्सोल बंद असला तरी मशीन चालतात. पण दोन वर्षांची परवानग्यांची मांडणी, फोल्डर, जुने आलेख सगळे गेले.

तेव्हापासून मी आधी कागद काढतो. एक्सेल नाही, कागद. एक्सेलमध्ये लोक 'मी पाहिले' म्हणतात आणि पाहत नाहीत. कागदावर सही घेता येते.

कागदावर काय असते? पहिले म्हणजे रेंज. खासगी वापराचे पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ ने ठरवून दिलेत. त्यातल्या १० ने सुरू होणाऱ्या एका गटातच १ कोटी ६७ लाखांवर पत्ते आहेत. एवढे मोकळे रान असताना अख्खे जग १९२.१६८.१ च्या एका खोलीत का दाटीवाटीने बसते, मला कळत नाही. मी दहाच्या गटातला मधलाच, आडनिडा आकडा घेतो, १०.८३.४० असला काहीतरी. १७२.१७ टाळतो, कारण डॉकर बसवले की ते मुळातच ती रेंज घेऊन बसते.

मग नाव. नावावरून माझे सगळ्यांशी वाजते. आपल्याकडे सर्व्हरला किल्ल्यांची नावे द्यायची हौस दांडगी, तिथवर ठीक. पण एका ऑफिसात देवांची होती आणि तिथला मुलगा वरिष्ठांना फोनवर गंभीरपणे सांगत होता, "साहेब, गणपती डाऊन आहे, मारुती रीस्टार्ट करतोय." मी साधे नाव देतो, गाव आणि काम. आवृत्तीचा आकडा नावात घालत नाही, तो तीन वर्षांत खोटा ठरतो. अंडरस्कोर नाही, होस्टनेममध्ये तो चालत नाही. शेपटीला डॉट लोकल नाही, ती शेपूट २०१३ पासून दुसऱ्याच कामासाठी राखीव आहे. कंपनीचे स्वतःचे डोमेन असेल तर त्याचीच शाखा. नसेल तर २०२४ मध्ये आयकॅनने डॉट इंटर्नल अशा घरगुती वापरासाठी राखून ठेवले, ते घ्यावे.

आणि डीएनएसमध्ये दोन्ही नोंदी आधी हव्यात. नावावरून पत्ता आणि पत्त्यावरून नाव. पहिली सगळे करतात. दुसरी, उलटी नोंद विसरतात, आणि मग इन्स्टॉलेशन अर्ध्यावर जाऊन असल्या एररने पडते की तीत डीएनएसचे नावसुद्धा नसते. दोन्ही बाजूंनी एनएसलुकअप करून उत्तर आले की मगच मी इन्स्टॉलरला हात लावतो. तसेच घड्याळ. सगळे सर्व्हर आणि कन्सोल एकाच एनटीपी घड्याळाकडे बघणारे हवेत. वेळा पुढेमागे असल्या की आत्ताच काढलेले प्रमाणपत्र 'अजून वैध झालेले नाही' म्हणून नाकारले जाते आणि माणूस वेडा व्हायची वेळ येते.

पण या कागदावरचा माझा सर्वात आवडता प्रश्न वेगळाच आहे. डीएनएस सर्व्हर कुठे राहतो? बहुतेक ठिकाणी तोही एक व्हर्च्युअल मशीन असतो, आणि त्याच सर्व्हरांवर असतो ज्यांच्या चाव्या कन्सोलकडे. मग एखाद्या रात्री वीज जाते, यूपीएस दमतो, सगळे बंद. वीज येते. कन्सोल उठतो आणि डीएनएसला शोधतो. डीएनएस अजून उठायचाय आणि त्याला उठवायला कोणत्या सर्व्हरवर जायचे हे कन्सोलला विचारायचे असते. किल्ली घरात आणि लॅच बाहेरून लागलेला. उपाय साधा आहे, एखादा डीएनएस या गोतावळ्याच्या बाहेर ठेवा, नाहीतर निदान तो कुठल्या सर्व्हरवर आहे आणि त्या सर्व्हरचा पत्ता काय हे भिंतीवर लिहून ठेवा. पण हा प्रश्न विचारल्याशिवाय कोणाच्याही डोक्यात येत नाही, आणि विचारायला चार माणसे एका टेबलाशी बसावी लागतात.

चार दिवस जातात ते यात. सर्व्हर बघणारा एक, नेटवर्क बघणारा दुसरा, फायरवॉल तिसऱ्याच कंपनीकडे, आणि डीएनएस कोणाकडे हे कोणालाच माहीत नसलेले. आपल्याकडे दोन खात्यांतली माणसे एकमेकांना प्रश्न विचारत नाहीत, अंदाज करतात. कन्सोलला ४४३ वर सगळ्यांनी यायचे, ९०२ वर सर्व्हरांशी बोलायचे, ५४८० वर त्याची स्वतःची देखभाल. एवढे तीन आकडे फायरवॉलवाल्यापर्यंत पोचवायला मला एकदा नऊ मेल लागले होते. दहाव्या वेळी मी त्याच्याबरोबर चहा प्यायलो, काम दहा मिनिटांत झाले.

कोणी म्हणेल, आता व्हीएमवेअर ब्रॉडकॉमने २०२३ मध्ये घेतले, छोटी गिऱ्हाइके दुसरीकडे चालली, तुझे पुराण जुने झाले. चाकणच्या कारखान्यात मीही प्रॉक्समॉक्सच बसवतोय. त्याचा इन्स्टॉलर काय विचारतो? पूर्ण नाव, आयपी पत्ता, गेटवे, डीएनएस. आणि मशीन भरल्यावर त्या सर्व्हरचे नाव बदलायला जाल तर तिथेही रडकुंडीला याल.

तर हे सगळे त्या गिऱ्हाईकाला परत फोन करून सांगितले. लॅबचा किस्साही सांगितला, माझी चूक होती हेही. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चारचे तीन करा."

केले. कागद त्यांच्याकडे पाठवलाय. सगळे चौकोन भरून आले, गेटवेचा तेवढा रिकामा आहे. तो ज्याला माहीत आहे तो मुलगा गणपतीला कोकणात गेलाय, सोमवारी येतो म्हणालाय. तोवर सर्व्हर खोक्यातच राहणार आहेत.