जमिनीचे विल झाले, शेवटच्या दिवसांचे काय?

मोरजी : किनाऱ्यावरच्या जमिनींना भाव आल्यापासून इथल्या घराघरात नोटरी ओळखीचा झाला. मुलेबाळे असतील तर आपल्या निम्म्याच मालमत्तेचे विल करता येते, हा गोव्याचा कायदाही लोकांना तोंडपाठ. पण वडिलांचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात असेल, तर व्हेंटिलेटर लावायचा की घरी न्यायचे, हे वडिलांनाच कोणी विचारत नाही. विषय काढला तर ‘अभद्र बोलू नको’ म्हणून गप्प बसवतात. मग आयसीयूच्या दारात दोन भावांचे दोन पक्ष होतात आणि मुंबईहून आलेली बहीण तिसरेच सांगते.

हे टाळण्याची सोय कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी ‘लिव्हिंग विल’ला मान्यता दिली. पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीची अट असल्याने ते कागदावरच राहिले. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ही अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा आहे. आपल्या वतीने कोणी बोलायचे त्याचे नाव त्यात लिहायचे. मन बदलले तर लेखी रद्दही करता येते.

याचा अर्थ इंजेक्शन देऊन जीव घेणे असा नाही. त्याला आपल्या देशात परवानगी नाही. बरे होण्याची आशा संपल्यावर केवळ श्वास लांबवणारे उपचार थांबवायचे, वेदनांवरचे उपचार चालूच ठेवायचे, एवढेच. तेही रुग्णालयाचे डॉक्टरांचे मंडळ आणि त्यानंतर दुसरे मंडळ तपासून ठरवते. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे असते.

गोव्याने यात पुढाकार घेतला. ३१ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचे लिव्हिंग विल नोंदवले. राज्यातले ते पहिलेच. महाराष्ट्रात जनहित याचिकेनंतर पालिकांमध्ये हे कागद सांभाळणारे अधिकारी नेमले गेले. कर्नाटकाने जानेवारी २०२५ मध्ये परिपत्रक काढले.

खरी अडचण सीमेवर आहे. विलची प्रत पंचायत किंवा पालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्याच्याकडून किंवा डिजिटल आरोग्य नोंदीतून खातरजमा करायची, असा नियम आहे. निकाल देशभर लागू आहे, पण सावंतवाडी-दोडामार्गचे पेशंट बांबोळीला येतात. सावंतवाडीत ठेवलेल्या कागदाची खातरजमा रविवारी रात्री बांबोळीतून कशी होणार? तिन्ही राज्यांनी या अधिकाऱ्यांची यादी एकमेकांना द्यावी, फोन नंबरसह. यासाठी नवा कायदा लागत नाही.

तोवर घरच्यांनी आपले काम करावे. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक विलमध्ये नाव घातलेल्या माणसाकडे आणि एक पेशंटच्या फाइलमध्ये ठेवावी. डिजिटल आरोग्य नोंद असेल तर तिच्यातही घालावी. आणि कागदाच्या आधी बोलणे हवे : ‘बाबा, शेवटी घरी राहायचंय की हॉस्पिटलात?’ वडील शुद्धीवर आहेत, बोलत आहेत, तेव्हाच हे विचारता येते. उत्तर काहीही येवो, नंतरच्या रात्री मुलांना आपसात भांडायची पाळी येणार नाही.