अकरा वाजताची पालकसभा

पालकसभा सकाळी अकराला ठेवायची आणि रोजंदारीवर गेलेली आई आली नाही, की वहीत लिहायचं, ‘पालक उदासीन’. हा शेरा मला अन्यायाचा वाटतो. उदासीन आई नसते, सभेची वेळ चुकलेली असते. आणि आली असती, तरी तिला ऐकायला काय मिळालं असतं? तासभर भाषण.

भाषणाऐवजी काय करता येतं, ते पाहा. जमैकातल्या किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत १९८० च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेल्या १२९ मुलांसोबत काम केलं. काही घरांना पूरक दूध दिलं. काही घरांत आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जाऊन बसे. काहींना दोन्ही मिळालं, काहींना यातलं काहीच नाही. सेविका उपदेश करत नसे. टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी ती घेऊन जाई, आईलाच मुलाशी खेळायला लावी, जमलं की तिचं कौतुक करी. असं दोन वर्षं चाललं. मुलं बाविशीत आली तेव्हा खेळवलेल्या मुलांची कमाई बाकीच्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. नुसत्या दुधाचा असा टिकाऊ परिणाम दिसला नाही. (म्हणून पोषण आहार कमी करा, असं कुणी म्हणू नये. उपाशी मूल खेळत नाही.)

हीच पद्धत पुढे ओडिशाच्या खेड्यांत आली. तिथे घरभेटी आणि बायकांचे गट, दोन्ही करून पाहिले. गुण जवळपास सारखाच आला, खर्च मात्र गटांचा खूप कमी.

आपल्याकडे ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात माता गट झाले. भाजी निवडताना रंग ओळखायचे, भांडी लावताना लहानमोठं सांगायचं. शाळा न शिकलेल्या आईलाही हे येतं, म्हणून ते मला मोलाचं वाटतं.

पण बीडचा ऊसतोड मजूर या गटात कुठे बसतो? नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरीची एक जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली, त्यामुळे दिवाळीच्या आगेमागे सहा महिन्यांसाठी गाव सोडायचंच. पहाटे अंधारात फडात, संध्याकाळी कोपीवर, तात्पुरत्या झोपडीत. दिवसभर धाकट्याला सांभाळते ती आठ-नऊ वर्षांची बहीण. मूल गावात राहिलं, हंगामी वसतिगृहात जेवलं, तरी रात्री त्याला जवळ घेते ती आजी. त्या सहा महिन्यांत पालक तीच. तिला सभेचं बोलावणं जायला हवं, तिच्या बोलीत, तिच्या ओट्यावर. आणि बहिणीला आधी शाळेत पाठवायला हवं, म्हणजे फडाजवळ पाळणाघर हवं. ते नसताना आईला पालकत्वाचे धडे देणं मला पटत नाही.

दिवाळी झाली की गाड्या पुन्हा भरतील. शिक्षकांनो, अंगणवाडीताईंनो, यंदाच्या सभेची वेळ ठरवण्याआधी एकदा त्या घरी जाऊन विचारा, ‘तुम्हाला कधी जमेल?’