दुर्बिणीचे पैसे

बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींना आकाशदर्शनाचा नाद लागला, की पहिली अडचण पैशांची येते. सहा इंच व्यासाच्या आरशाची तयार दुर्बीण आज तीस हजार रुपयांच्या पुढे जाते. शिवाय जास्तीच्या नेत्रिका, तारकानकाशे आणि शहराबाहेर अंधाऱ्या जागी जाण्याचा प्रवासखर्च असतोच. नोकरीचे वय झालेले नसते आणि मध्यमवर्गीय घरातही एका छंदासाठी एवढी रक्कम सहज निघत नाही. तरीही वाटा आहेत. त्यांत पहिला मान किंमत खाली आणण्याला द्यावा लागतो. कमाईचा विचार त्यानंतर.

पैसे हमखास वाया जातात ते पहिल्या खरेदीत. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त दुर्बिणींच्या खोक्यावर ‘५२५ पट मोठे दिसेल’ असे ठळक छापलेले असते. दुर्बिणीची ताकद तिच्या भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर ठरते. व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट पटींपर्यंतच प्रतिमा कामाची राहते. म्हणजे ६० मिलिमीटरच्या भिंगातून १२० पटींच्या पुढे गेले, की शनी मोठा दिसतो, पण नुसता धूसर ठिपका म्हणून. त्यात तिपाई इतकी हलकी असते, की नुसता हात लागला तरी चंद्र नजरेतून निसटतो. दोन-तीन वर्षे साठवलेले पैसे अशा वस्तूवर खर्च झालेले मूल पुन्हा आकाशाकडे वळेलच असे नाही, आणि हे नुकसान रुपयांत मोजता येत नाही.

त्याऐवजी पहिले साधन म्हणून द्विनेत्री घ्यावी. तिच्यावर लिहिलेल्या १० × ५० अशा आकड्यांतला पहिला आकडा किती पट मोठे दिसते ते सांगतो, दुसरा भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. अंधारात डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. ५० मिलिमीटरचे भिंग तिच्या सुमारे पन्नास पट प्रकाश गोळा करते. एवढ्यात गुरूचे चार चंद्र दिसतात, तेच जे गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत पाहिले. कृत्तिकांचा पुंजका, मृगातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिकेचा अंधूक डाग हेही दिसतात. शनीची कडी मात्र दिसत नाहीत. द्विनेत्रीची किंमत दुर्बिणीच्या पाव हिश्श्याच्या आसपास असते, आणि पुढे मोठी दुर्बीण आली तरी ती अडगळीत जात नाही. नकाशासाठी स्टेलॅरियमसारखी संगणकप्रणाली फुकट मिळते. एक वर्ष द्विनेत्रीवर काढलेल्या मुलाला आकाश पाठ होते, आणि आपल्याला पुढे नक्की काय हवे हेही कळते.

दुर्बीण हवीच असेल, तर ती बनवता येते, आणि या छंदात ही सोय फार मोलाची आहे. परावर्तक दुर्बिणीचा जीव तिच्या आरशात असतो. काचेच्या दोन जाड चकत्या एकमेकींवर ठेवून मध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी घालून घासत राहिले, की वरची चकती हळूहळू खोलगट होते आणि खालची फुगीर. आधी जाड भुकटी, मग बारीक, त्याहून बारीक, आणि शेवटी डांबरासारख्या पिचच्या थरावर सेरियम ऑक्साइडची झिलई. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या सहा इंची आरशाची मधली खोली जेमतेम १.२ मिलिमीटर असते. पण पृष्ठभाग मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतका अचूक लागतो. हे काम हाताने होते, आणि शाळकरी मुले ते करू शकतात. आरसा बरोबर झाला की नाही, हे तपासण्याची युक्ती फ्रान्सच्या लेओं फूकोने १८५८ मध्ये काढली. तिला लागते प्रकाशाचा एक बारीक ठिपका आणि एक धारदार पाते. काचेवर ॲल्युमिनियमचा मुलामा देणे तेवढे घरी जमत नाही. ते निर्वात यंत्रातून करून घ्यावे लागते. नळी पीव्हीसीची किंवा जाड पुठ्ठ्याची, बैठक प्लायवूडची. यात पैशांची जागा बरीचशी वेळ घेतो, आणि वेळ तर मुलांकडेच सर्वांत जास्त असतो.

या स्वस्त बैठकीला जगभर डॉब्सोनियन म्हणतात. जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) हे सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी म्हणून राहत. हाती पैसा नसल्याने त्यांनी जहाजांच्या खिडक्यांच्या टाकाऊ गोल काचा घासून आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या आणि महागड्या धातूच्या बैठकीऐवजी तोफेच्या गाड्यासारखी फिरणारी लाकडी पेटी बनवली. दुर्बिणींच्या पायी मठातली कामे मागे पडतात, म्हणून १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘साइडवॉक ॲस्ट्रॉनॉमर्स’ ही मंडळी उभी केली, तीही त्यांच्याकडे दुर्बीण बनवायला शिकलेल्या दोन मुलांना बरोबर घेऊन. त्यांतल्या एकाने बारा इंची दुर्बीण तयार केली होती, पण शहरातल्या हौशी खगोल संस्थेत मुलांना सभासद करून घेण्याची सोय नव्हती. मग या मंडळींनी पदपथावरच दुर्बीण मांडली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र, शनी दाखवायला सुरुवात केली. आज दुकानांत मिळणाऱ्या सर्वांत किफायतशीर दुर्बिणी याच रचनेच्या आहेत. प्लूटो शोधणाऱ्या क्लाइड टॉम्बोचीही गोष्ट अशीच. गारपिटीने शेतातले पीक गेले आणि त्याचे कॉलेज राहिले. मग त्याने जुन्या मोटारीचे आणि शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग जोडून नऊ इंची दुर्बीण उभी केली. तिच्यातून काढलेल्या मंगळ-गुरूच्या चित्रांमुळे त्याला लोवेल वेधशाळेत काम मिळाले, आणि १९३० मध्ये प्लूटो सापडला.

महाराष्ट्रात मुलांना हा आधार संस्थांकडून मिळू शकतो. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून चालू आहे. हौशी आकाशनिरीक्षकांची ती देशातली सर्वांत जुनी संस्था. मुंबईचे खगोल मंडळ १९८५ चे, हॅलेच्या धूमकेतूच्या दिवसांतले. वांगणीतले त्यांचे रात्रभराचे आकाशदर्शन अनेक पिढ्यांना ठाऊक आहे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम होतात. अशा ठिकाणी एकदा दुर्बिणीला डोळा लावला, की तीस हजारांची खरेदी करावी की नाही हा प्रश्न निम्मा सुटतो. जुनी दुर्बीण विकणारा, आरसा घासायला शिकवणारा, जास्तीची नेत्रिका उसनी देणारा माणूसही इथेच भेटतो.

आता पैशांकडे. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर आकाश ढगांखाली असते, आणि दमट हवेत भिंगांवर बुरशीही धरते. निरीक्षणाचा हंगाम खरा सुरू होतो तो दिवाळीच्या सुमाराला. त्यामुळे पावसाळ्याचे चार महिने आरसा घासण्याचे आणि पैसे जमवण्याचे असतात, असा हिशेब मुलांनी मांडावा. दिवाळी, पाडवा, भाऊबीज आणि वाढदिवस या दिवसांत आजी-आजोबा, मामा, आत्या पाकिटे देतात. त्या पाकिटांचे पुढे काय होते, ते बहुतेक घरांत मुलांना विचारले जात नाही. ते पैसे मुलांच्या हाती राहू द्यावेत. ‘यंदा कपडे नकोत, दुर्बिणीसाठी द्या’ असे मुलांनी सांगितले तर नातेवाइकांना ते खटकत नाही. उलट काय द्यावे हा त्यांचा प्रश्न मिटतो. आईवडिलांनी पूर्ण दुर्बीण घेऊन देण्यापेक्षा, मूल जेवढे जमवेल तेवढीच भर घालण्याचा करार करावा. त्यात दोन्ही बाजूंचा मान राहतो.

साठवण्यासाठी खाते हवे. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना बँकेत स्वतःचे बचत खाते उघडून ते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे. मर्यादा प्रत्येक बँक ठरवते. टपाल खात्याची आवर्त ठेव महिना १०० रुपयांपासून सुरू होते, पण तिची मुदत पाच वर्षांची, म्हणजे सातवीत सुरू केली तर बारावीत हाती येणार. छंदासाठी बँकेची वर्षभराची आवर्त ठेव अधिक सोयीची. हप्त्यावर खरेदी करणे मुलांना शक्य नाही, आणि ते बरेच आहे: १८७२ च्या करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करू शकत नाही.

कमाई करायची तर कायद्याची रेघ आधी नीट समजून घ्यावी. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरच्या धोका नसलेल्या व्यवसायात शाळेनंतर किंवा सुट्टीत मदत करण्याची मुभा आहे, तीही दिवसाला तीन तासांपर्यंत आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ ही वेळ सोडून. हे नियम मुलांच्या बाजूचे आहेत. छंदासाठी म्हणून मूल दुकानात राबू लागले आणि अभ्यास व झोप दोन्ही गेले, तर तो छंद राहत नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या हाताखालची मजुरी विसरावी आणि स्वतः केलेल्या वस्तूंकडे वळावे. स्काउट-गाइडच्या पोरांना ‘खरी कमाई’ नवी नाही, आणि जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांत मुलांचा बाजार भरतो. श्रावणात राख्या, आश्विनात रंगवलेल्या पणत्या, आकाशकंदील, उटण्याची पाकिटे: सोसायटीत किंवा वाडीत घरोघर जाऊन हे विकता येते. खाद्यपदार्थांना नोंदणी लागते, म्हणून ते टाळावेत. फटाक्यांच्या विक्रीपासून मुलांना लांबच ठेवावे.

या छंदातूनच निघणारी एक वस्तू विशेष सुचवावीशी वाटते. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या एकावर एक फिरवून कोणत्या रात्री किती वाजता कोणते तारे दिसतील ते दाखवणारा नकाशा मुलांना घरी करता येतो. बाहेरून येणाऱ्या अशा चकत्या बहुधा युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांसाठी बेतलेल्या असतात. त्यांवर ध्रुवतारा उंच दाखवलेला असतो आणि दक्षिणेचे तारे कापलेले असतात. मुंबई १९ अंशांवर, नागपूर २१ वर. इथल्या अक्षांशासाठी, मराठी नक्षत्रनावांसह केलेल्या चकतीला इथे खरे गिऱ्हाईक आहे, आणि ती आखताना मुलाला जेवढे खगोलशास्त्र कळते तेवढे पुस्तकातून कळत नाही. चंद्र दाखवण्याचे पैसे मात्र घेऊ नयेत. आकाश दाखवणे फुकटच असावे.

बक्षिसांचा मार्ग अनिश्चित असतो. तरी एक योजना नोंदवण्याजोगी आहे. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत शाळेमार्फत पाठवलेली मुलाची मूळ कल्पना निवडली गेली, तर नमुना बनवण्यासाठी १०,००० रुपये मुलाच्या खात्यात जमा होतात. नुसती दुर्बीण ही मूळ कल्पना ठरणार नाही, पण दुर्बीण चालवण्याची स्वस्त युक्ती ठरू शकते. शिष्यवृत्ती ही शिक्षणासाठीची रक्कम असते. घरची परिस्थिती बेताची असेल तर तिला छंदासाठी हात लावू नये.

एकट्याला जे झेपत नाही ते पाच-सहा जणांना झेपते. सहा मुलांनी महिन्याला अडीचशे रुपये टाकले तर वर्षात अठरा हजार होतात. आरसा स्वतः घासला तर एवढ्यात सहा इंची दुर्बीण उभी राहण्यासारखी आहे. दुर्बीण कोणाच्या घरी किती दिवस राहील, आरशाला कोण हात लावील, एखादा गाव सोडून गेला तर त्याचा हिस्सा कसा परत करायचा, हे सुरुवातीलाच कागदावर लिहून सर्वांनी सही करावी. मैत्रीत लिहून ठेवायला संकोच वाटतो, पण अशा भागीदाऱ्या मोडतात त्या न लिहिल्यामुळेच.

काही शाळांत प्रयोगशाळेच्या कपाटात एखादी दुर्बीण असते आणि ती मोडेल या भीतीने वर्षानुवर्षे कुलपात राहते. मुख्याध्यापकांनी आणि विज्ञानशिक्षकांनी यंदा दिवाळीनंतर ती बाहेर काढावी, आरशावरची धूळ फुंकणीने हलकेच उडवावी, आणि सातवी-आठवीतल्या चार जबाबदार मुलांच्या नावावर सही घेऊन पंधरा दिवसांसाठी घरी द्यावी.