बारा माणसं, एक खोली

सिडनी ल्युमेट यांचा '१२ अँग्री मेन' १९५७चा. खुनाचा खटला, बारा ज्युरी आणि उकाड्याने घामाघूम करणारी एकच खोली. अकरा जण आरोपीला दोषी ठरवतात, एकटा अडून बसतो. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर असतो, मग हळूहळू खाली येतो. शेवटाकडे छत दिसू लागतं आणि खोली अंगावर येते.

दोनच वर्षांनी मुंबईत, नानावटी या नौदल अधिकाऱ्यावरच्या खऱ्याखुऱ्या खून खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक असा निर्दोषत्वाचा कौल दिला. उच्च न्यायालयाने तो फिरवला. पुढे भारतातून ज्युरीपद्धतच गेली. चित्रपट मात्र जुना झाला नाही. बासू चटर्जींनी १९८६ मध्ये तो 'एक रुका हुआ फैसला' म्हणून हिंदीत आणला. इंग्रजी अवघड वाटल्यास आधी हिंदी पाहावा, मग मूळ.