मॉर्निंग ग्लोरीचे बी आणि एक तांब्या पाणी

गेल्या वर्षी रोहिणी संपता संपता एक सूनबाई आपल्या सासूबाईंना घेऊन दवाखान्यात आल्या. काकूंचे वय अठ्ठ्याहत्तर. प्राथमिक शाळेत आयुष्यभर शिकवलेले. दीड वर्षापूर्वी विस्मरणाच्या आजाराचे निदान झालेले, औषधे चालू. तक्रार औषधांची नव्हती. काकू सकाळी दहापर्यंत अंथरुण सोडत नसत, दुपारी पेंगत आणि दिवेलागणीनंतर घरभर अस्वस्थ फिरत. सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, उठून करू काय, असं आई रोज विचारतात. मला उत्तर सुचत नाही हो."

मलाही पटकन सुचले नाही. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचे घड्याळ मार्गावर यायला मदत होते, हे वैद्यकीय उत्तर झाले. परंतु केवळ उजेडासाठी कोण उठणार? गॅलरीतील बागकाम हा माझा जुना छंद. खणात मॉर्निंग ग्लोरीच्या बियांचे पाकीट होते, ते मी त्यांना दिले. हे फूल पहाटे उमलते आणि ऊन तापले की मिटते. उशिरा उठणाऱ्यासाठी ते थांबत नाही.

आपल्याकडील नाजूक लाल फुलांची गणेशवेल याच कुळातील, आणि रताळ्याचा वेलही. ज्या निळ्या फुलांच्या वेलाच्या बियांना आपले वैद्य काळा दाणा म्हणत, तोही यातलाच. जपानमध्ये हा वेल शेकडो वर्षांपूर्वी चीनमधून गेला तो औषध म्हणून, तेथे त्याची असंख्य रूपे निपजली, आणि आजही टोकियोतील इरिया भागात जुलैच्या ६ ते ८ तारखांना या फुलांचा बाजार भरतो.

तीन आठवड्यांनी सूनबाई एकट्याच आल्या. एकही बी उगवले नव्हते. त्यात अर्धी चूक माझी होती. या बियांचे कवच कठीण असते. पाणी आत शिरल्याशिवाय कोंब फुटत नाही, हे मी सांगितलेच नव्हते. उरलेली अर्धी चूक कुंडीत दिसली. माती चिखल झाली होती. काकू पाणी घालत, विसरत आणि पुन्हा घालत. दिवसातून सहा-सात वेळा. मग सूनबाईंचा आवाज चढे, "आई, आत्ताच घातलंत ना!" आणि काकू ओशाळून खोलीत निघून जात. ज्या कामासाठी त्यांनी उठावे असे मला वाटत होते, तेच घरातील भांडणाचे नवे कारण झाले होते.

दुसरा प्रयत्न आम्ही विचारपूर्वक केला. बी नेलकटरने किंचित टवकतात. पण संधिवाताच्या बोटांना ते जमत नाही आणि इजाही होते. त्याऐवजी हार्डवेअरच्या दुकानातील पॉलिश पेपरचा तुकडा आणला. बीच्या टोकाशी देठाची खूण असते, ती सोडून दुसऱ्या बाजूने आतला फिकट रंग जरासा दिसेपर्यंत घासायचे, अधिक नाही. काकूंनी दहा बिया घासल्या. पाटीवरची पेन्सिल टोकदार करावी तशा सफाईने घासल्या, असे सूनबाई सांगत होत्या. रात्रभर कोमट पाण्यात भिजवल्यावर ज्या फुगतात त्या पेराव्यात. न फुगलेल्या पुन्हा घासाव्यात. या रोपांना मुळे हलवलेली आवडत नाहीत, म्हणून थेट मोठ्या कुंडीतच, बोटाच्या अर्ध्या पेराइतके खोल पेरावे. माती भुसभुशीत असावी. शेणखत मूठभर पुरे. खत फार झाले तर पानांचे रान माजते आणि फुले रुसतात. ऊन मात्र पाच-सहा तास हवे.

आणि पाणी? सूनबाई सकाळी एक छोटा तांब्या भरून कुंडीशेजारी ठेवू लागल्या. तांब्या भरलेला असेल तर पाणी घालायचे. रिकामा असेल तर घातलेले आहे. कोणी कोणाला विचारायचे नाही. पावसाची झड असेल त्या दिवशी तांब्या ठेवायचाच नाही. विस्मरण झालेल्या माणसाला "आठवा ना" असे म्हणणे म्हणजे लंगडणाऱ्याला धावायला सांगणे. आठवण डोक्याबाहेर, वस्तूत ठेवता येते. गोळ्यांचे सात कप्प्यांचे डबे आपण वापरतो ते याचसाठी.

सहाव्या दिवशी कोंब आले. पहिली दोन दले आपट्याच्या पानासारखी दुभंगलेली असतात. काकूंनी ती पाहून "सोनं" असे म्हटले म्हणे.

येथे डॉक्टर म्हणून काही गोष्टी बजावतो. या बिया विषारी आहेत. काळा दाणा जुन्या काळी जहाल रेचक म्हणून वापरत, आणि काही जातींच्या बियांनी उलट्या व भासही होतात. बाजारातील बियांना बुरशीनाशक लावलेले असू शकते. म्हणून पाकीट स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्यांजवळ कदापि ठेवू नये. विस्मरणाचा रुग्ण किंवा लहान मूल घरात असेल तर कुलुपात ठेवावे. भिजवण्याची वाटीही वेगळी असावी. चुकून गिळल्यास उलटी काढू नये, पाकीट बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये, डेंग्यूचा डास तेवढ्यात अंडी घालतो. गॅलरीची फरशी ओली ठेवू नये. कुंडी स्टुलावर ठेवावी म्हणजे वाकावे लागत नाही, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी अंथरुणातून उठताना काठावर दोन मिनिटे बसून मगच उभे राहावे.

सुतळीवरून वेल ग्रिलवर चढला. ऑगस्ट संपत आला तरी फूल नाही, तेव्हा सूनबाई धास्तावल्या. या जातीतील बरेच वेल रात्री लांबू लागल्या की कळ्या धरतात, त्यामुळे थोडा धीर धरावा लागतो. गॅलरीतला दिवा मात्र रात्री बंद ठेवायला सांगितला. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिले फूल आले, निळे.

उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळीच ओळखू येते. मिटलेल्या छत्रीसारखी पिळदार आणि टपोरी. सूनबाईंनी दिवेलागणीला काकूंना त्या कळ्या मोजायला लावल्या आणि आकडा कॅलेंडरच्या चौकोनात त्यांच्याच हाताने लिहून घेतला. सकाळी काकूंना आकडा आठवत नसे. परंतु आपले अक्षर त्या ओळखत, आणि गणित तपासायला गॅलरीत जात. साडेसहाला, कधी सातला. काही दिवस नाहीही जात.

आजार थांबलेला नाही. यंदा काकूंना सूनबाईंचे नाव कधीकधी आठवत नाही, आणि बिया घासण्याचे काम सूनबाईंनीच केले. संध्याकाळची अस्वस्थता मात्र कळ्या मोजण्याच्या दिवसांत काहीशी सुसह्य होती, असे त्यांचे म्हणणे.

दिवाळीनंतर बोंडे वाळून तपकिरी झाली की फुटण्याआधी तोडावीत. एकेका बोंडात चार-सहा बिया मिळतात. गेल्या वर्षीच्या बियांचे एक पाकीट सूनबाई मला देऊन गेल्या. त्यावर काकूंच्या वळणदार, शाळेतल्या अक्षरात लिहिले आहे : "निळी फुले. खाण्याचे नव्हे." ते मी औषधांच्या कपाटात, कुलूप लावून ठेवले आहे.