धातुमळी : टाकाऊ कीं कामाची?

रसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासतांना ‘धातुमळी वर तरंगते, ती काढून फेकून देतात’ हें वाक्य इतक्या वेळां आढळतें कीं, दोष विद्यार्थ्यांचा नसून आम्हां शिक्षकांचाच असावा. निदान तांब्याच्या बाबतींत तरी तें मला मान्य नाहीं.

तांब्याच्या बहुतेक धातुकांत लोह व गंधकही असतात. भट्टींत वाळू घालतात ती अशासाठीं कीं, लोहाच्या ऑक्साइडाचा तिच्यांतील सिलिकेशीं संयोग होऊन सुमारें १२०० अंश सेंटिग्रेडला त्याचा पातळ रस व्हावा. हीच धातुमळी. खालीं बसणाऱ्या ताम्रयुक्त रसापेक्षां ती हलकी असते. एक टन तांब्यामागें ती दोन टनांहून अधिक निघते. म्हणजे भट्टी तांब्यापेक्षां दगडच जास्त निर्माण करते!

हा दगड कसा होईल, तें निवविण्यावर अवलंबून असतें. सांच्यांत सावकाश निवविल्यास काळाकभिन्न, टणक ठोकळा मिळतो. इंग्लंडांत ब्रिस्टल येथें विल्यम रीव्ह या तांब्याच्या कारखानदारानें अठराव्या शतकाच्या मध्यास अशा ठोकळ्यांनीं बांधलेली ‘ब्लॅक कॅसल’ ही इमारत अद्याप उभी आहे. तोच रस पाण्यांत एकदम निवविला, तर कांचेसारखे धारदार कण होतात. जहाजांच्या पत्र्यावरील गंज काढण्यास ते हवेच्या झोतानें मारतात. पूर्वीं या कामीं वाळू वापरीत, आणि तिच्या धुळींतील सुट्या सिलिकेनें कामगारांचीं फुप्फुसें निकामी होत. धातुमळींत सिलिका लोहाशीं बांधलेली असल्यानें तें भय पुष्कळ कमी होतें. माझ्या मतें हा तिचा सर्वांत मोठा उपकार होय. काँक्रीटांतही वाळूच्या कांहीं भागाऐवजीं ती घालण्यास भारतीय मानक ३८३ च्या २०१६ सालच्या आवृत्तीनें संमति दिली आहे.

तथापि ‘स्वस्त मिळते, मग घाला भरावास’ हेंही मला पटत नाहीं. तिच्यांत थोडें तांबें उरतेंच. धातुकाप्रमाणें शिसें, जस्त व आर्सेनिकही येतात. वेल्समधील स्वान्सीच्या खोऱ्यांत तांब्याच्या व जस्ताच्या कारखान्यांचे असे ढीग पडले होते. १९६१ सालीं तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजनें त्या जमिनीची पाहणी आरंभिली, तेव्हां अनेक ढिगांवर गवतही धड उगवत नव्हतें. कांचेंत कोंडलेला धातु सहजासहजीं पाण्यांत उतरत नाहीं, हें खरें. पण मळी कोणत्या भट्टीची, कशी निवविलेली, किती बारीक केलेली, हें पाहिल्यावांचून ती विहिरीशेजारीं टाकणें मी साहसाचें समजतों. तें पृथक्करण विकणाऱ्यानें स्वखर्चानें करावें व त्याचा कागद मालाबरोबर द्यावा.

पुढील वर्षीं हें सारें फळ्यावर मांडणार आहें. त्यानंतर मात्र ‘फेकून देतात’ या उत्तरास गुण मिळणार नाहींत.