शिळे अन्न उकळले की झाले? संभाजीनगरच्या उन्हाळ्यात हा समज महागात पडतो

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळिशी ओलांडतो. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत घर गरम ठेवतो. अशा घरात रात्रीची जेवणे आटोपल्यावर उरलेला भात आणि वाटीभर वरण झाकण घालून ओट्यावर राहते. सकाळी फोडणी द्यायची, हे ठरलेले असते. वास आला नाही, तार सुटली नाही, की ते खाल्ले जाते. बहुतेक वेळा काही होतही नाही, आणि म्हणूनच ‘उकळले की सगळे मरते’ हा समज टिकून आहे. तो अर्धाच खरा आहे.

उकळूनही काय उरते?

उकळल्यावर बरेचसे जिवाणू मरतात. पण काहींनी आधीच अन्नात सोडलेले विष तसेच राहते. भाताचे उदाहरण घ्या. तांदळावर ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते भात शिजल्यावरही जिवंत राहतात. भात कोमट अवस्थेत पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि उलट्या घडवणारे विष तयार करतात. हे विष 121 अंश सेल्सिअसला दीड तास तापवूनही टिकल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. घरच्या कुकरमधले तापमान जेमतेम 120 अंशांपर्यंत जाते. मग कढईतल्या पाच मिनिटांच्या फोडणीने ते जाईल, ही अपेक्षा कशाच्या जोरावर ठेवायची? हाताच्या त्वचेवर, नाकात राहणारा ‘स्टॅफिलोकॉकस’ही असेच उष्णतेला दाद न देणारे विष बनवतो. दोन्ही प्रकारांत अन्नाला वास येईलच असे नाही. म्हणजे घरोघरी जी परीक्षा घेतली जाते, हुंगून पाहण्याची, ती नेमकी इथे नापास होते.

मांसाहाराचा धोका थोडा वेगळा. या शहराची ओळख असलेला नान खलिया मोठ्या देगेत शिजतो. दौलताबादेत आलेल्या तुघलकाच्या फौजेशी त्याचे नाते सांगितले जाते. एवढे जाड, तेलकट रश्शाचे भांडे आतून गार व्हायला कित्येक तास घेते. ‘क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’ हा जिवाणू 43 ते 45 अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने वाढतो. दहा-बारा मिनिटांत त्याची संख्या दुप्पट होऊ शकते. लग्नघरातून डबा भरून आणलेला रस्सा रात्रभर बाहेर ठेवणे म्हणजे त्याला मोकळे रान देणे.

घड्याळ कधी सुरू होते?

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला साधा आहे: शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, 5 ते 60 अंशांचा पट्टा जिवाणूंच्या वाढीचा. अमेरिकेतला सरकारी सल्ला तर बाहेरचे तापमान 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास देतो. मराठवाड्याचा उन्हाळा या दुसऱ्या हिशेबातच बसतो. त्यामुळे ‘ठेवायचे की टाकायचे’ हा निर्णय सकाळी घेण्यात अर्थ नाही. तो रात्री, ताटे उचलतानाच घ्यायला हवा.

गरम भांडे फ्रीजमध्ये ठेवू नये, म्हणून ते पूर्ण गार होण्याची वाट पाहिली जाते. तोवर झोप लागते. त्यापेक्षा भात पसरट ताटात मोकळा करावा, रस्सा दोन-तीन उथळ डब्यांत वाटावा, डबे परातीतल्या पाण्यात ठेवावेत आणि वाफ गेली की थोडे कोमट असतानाच आत सरकवावेत. (परातीतले पाणी नंतर कुंडीत जाते. नळाला अनेक दिवसांआड पाणी येणाऱ्या वसाहतींना हे वेगळे सांगायला नको.) फ्रीजमधला भात दुसऱ्या दिवशीच संपवावा, भाजी-वरण दोन, फार तर तीन दिवसांत. पाहिजे तेवढेच काढून एकदाच, वाफ येईपर्यंत नीट गरम करावे. वीज गेली तर दार उघडू नये. बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो.

या सगळ्यात शिळी भाकरी मात्र उगाच बदनाम होते. ज्वारीची भाकरी कोरडी पडते, आणि कोरड्या अन्नात जिवाणूंना वाढायला पाणी मिळत नाही. शीतलासप्तमीला आदल्या दिवशीचे खायचे म्हणून दशम्या, पुऱ्या निवडल्या जातात, त्यामागे हा जुना अनुभव असावा. पावसाळ्यात बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तेवढाच भाग न काढता अख्खी भाकरी टाकावी.

शिळे कोणाच्या ताटात?

याबद्दल मात्र स्वयंपाकघरात बोलले जात नाही. उरलेला भात घरातल्या सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. मुलांना आणि नवऱ्याला ताजी पोळी, आणि ‘अन्न टाकू नये’ म्हणून कालचे संपवणारी बहुधा घरातली बाई. गरोदर असली तरी तीच. काटकसरीचा हा भार तिच्या पोटावर टाकणे बंद व्हायला हवे. आज वाटीभर भात कमी लावणे कितीतरी स्वस्त पडते.

दुसरे ताट कामवाल्या मावशींचे. फ्रीजमधला तीन दिवसांचा रस्सा त्यांना ‘घेऊन जा’ म्हणून दिला जातो, आणि वर देणाऱ्याला पुण्य. याच शहरात डिसेंबर 2015 मध्ये बायजीपुऱ्यात युसूफ मुकाती यांनी रोटी बँक सुरू केली तेव्हा देणाऱ्यांकडून अपेक्षा होती ती घरच्या स्वयंपाकातल्या किमान दोन पोळ्या आणि भाजीची. स्वयंपाक झाल्या झाल्या बाजूला काढलेला वाटा आणि तीन दिवसांनी फ्रीज रिकामा करताना दिलेला डबा, यांत फरक आहे. द्यायचेच तर त्याच संध्याकाळी द्यावे आणि ‘दुपारी एकला केलेले आहे, रात्रीच खाऊन टाका’ एवढे सांगावे. त्यांच्या घरी फ्रीज असेलच असे नाही.